हळू बोलायची सोय

तांबट आळीत घर शोधत आलेल्या माणसाला मी एकच गोष्ट सांगतो. ज्याला विचाराल त्याच्या तोंडासमोर उभे राहून विचारा. पाठीमागून हाक मारलीत तर दिवे लागेपर्यंत उभे राहाल.

आमची आळी बहिरी. ऊन ओट्यावर आलं की हातोडे सुरू होतात. एकेका कारखान्यात पाच-सात जण मांडीला मांडी लावून तांबं ठोकत बसतात, शेजारी तेवढेच, समोर तेवढेच. चाळिशीला तांबटाला पाखरू ऐकू येत नाही, पन्नाशीला बायको. याचं कुणाला काही वाटत नसे. उलट कान शाबूत असलेला तांबट म्हणजे अंगचोर, अशी समजूत होती. मी म्हातारा झालो तरी मला ऐकू येतं. कामाला कधी कमी पडलो नाही. कान राहिले ते बायकोमुळे. ती गेल्या थंडीत गेली. तिची ही एक गोष्ट लिहून ठेवावी असं वाटलं म्हणून बसलो आहे. मला अक्षरं आली ती भांड्यांवर लोकांची नावं घालता घालता, तेव्हा सुबक लिहिणं माझ्याकडून होणार नाही. ठोकून ठोकून लिहितो.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्यांचीच ती मुलगी. लग्न झाल्यावर ते मला घरी जावईबापू म्हणत आणि कारखान्यात अरे-तुरे करत. मी दोन्हीकडे त्यांना मामा म्हणे. मामा तेव्हाच ठार बहिरे होते, पण तसं म्हणायची कुणाची टाप नव्हती. "मला सगळं ऐकू येतं. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात," असं त्यांचं म्हणणं.

याचा सगळा भार सासूबाईंवर पडला. मीठ संपलं, ओरडून सांगा. पाव्हणे आले, ओरडून सांगा. त्यांचा आवाज फाटून चिरका झाला होता. नवराबायकोनं आपसात बोलायच्या गोष्टीही त्या बिचाऱ्या ओरडूनच बोलत. माझी बायको लहानपणी सकाळी हौदावर पाण्याला गेली की बायका विचारत, "काय गं, तुझ्या आबांचं पोट साफ झालं का?" दुसरी विचारी, "आणि आई माहेरी जाणार होती ना रागावून? गेली का, का आबांना ऐकूच आलं नाही?" सगळ्या पदर तोंडाला लावून हसत. ही कळशी भरायची आणि खाली मान घालून घरी यायची. तिनं तेव्हाच मनाशी काय ते ठरवलं असणार.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, मी कारखान्यात निघालो तर तिनं उंबऱ्यात अडवलं.

"अहो, एक सांगून ठेवते. मी ओरडून संसार करणार नाही."

"मग नको करूस. हळू बोल. मी कुठं बहिरा आहे?"

"अजून नाही. आबाही पूर्वी नव्हते."

"आता ते काय माझ्या हातात आहे?"

"तुमच्या नाही, माझ्या आहे. बसा इथं."

तिनं कापूस घेतला, मेण तेलात मऊ केलं, त्यात कापूस मळला आणि बोटांवर वळून त्याचे दोन बोळे केले. ते माझ्या कानांत घट्ट बसवले. मग काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "काय?" तिनं समाधानानं मान हलवली आणि ती चुलीकडे वळली.

कारखान्यात थट्टा व्हायची ती झाली. माझ्या शेजारी बसणारा एकजण फार तिखट जिभेचा होता. तो म्हणाला, "नवऱ्याचं तोंड बंद होईना, म्हणून बायकोनं त्याचे कान बंद केले वाटतं." हे मला दुपारी भाकरी खाताना कळलं, कारण सकाळी माझ्या कानात बोळे होते. त्याला तीच थट्टा पुन्हा करावी लागली आणि दुसऱ्यांदा ती तेवढी जमली नाही.

मामांनी मात्र थट्टा केली नाही. ते रागावले. तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं. मऊ असताना ठोक्याचा आवाज बद्द येतो, कडक झालं की टणटण. टणटण आली की थांबायचं, भट्टीत तापवून मऊ करायचं, मग पुढं ठोकायचं. न थांबता ठोकत राहिलं तर तांबं फाटतं. "बोळे घालून बसलास तर तुला टणटण कळणार कशी?" मामा म्हणाले. "तांबटाला कान लागतात."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे लवकरच दिसलं. शनिवार पेठेतल्या एका सरदारांच्या घरी लग्न होतं आणि आंघोळीच्या पाण्याचं मोठं घंगाळ आमच्याकडे करायला होतं. काठ मी ठोकत होतो. बोळे कानात. हात चांगला लागला होता, मजा येत होती, आणि काठापासून खाली वीतभर चीर गेली. मामा उठून आले. चिरेवरून बोट फिरवलं. मग माझ्या कानांतून बोळे काढले आणि भट्टीत टाकले. मेण भपकन पेटलं.

"या कारखान्यात पुन्हा बोळे दिसता कामा नयेत," ते म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "जेवून घ्या." तिचा काय विचार चालला होता ते मला काय माहीत. मला एवढंच दिसत होतं की आता मीही मामांसारखा होणार आणि हिचा आवाज तिच्या आईसारखा फाटणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी घेऊन ती स्वतः कारखान्यात आली. एरवी येत नसे. सरळ मामांसमोर उभी राहिली.

"आबा, एक विचारायचं होतं."

मामा ठोकत राहिले.

"आबा, तांबं कडक झालेलं तुम्हाला कसं कळतं?"

मामांनी ऐकू न आल्यासारखं केलं, किंवा खरंच ऐकू आलं नाही. आमचे हातोडे एकेक करून थांबले. आणि जिनं ओरडून संसार करणार नाही असं मला बजावलं होतं, तिनं बेंबीच्या देठापासून विचारलं, "आबा, तुम्हाला नगारखाना वाजलेला ऐकू येत नाही. मग तांब्याची टणटण कशी ऐकू येते?"

समोरच्या कारखान्यातलेही हातोडे थांबले. एवढी शांत दुपार आळीनं कधी पाहिली नसेल. हे वाक्य कुणीतरी मामांना कधीतरी म्हणायला हवं होतं, आणि कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता मामा भाकरीसकट आम्हा दोघांना रस्त्यावर काढतात.

मामा आपल्या डाव्या हाताकडे बघत बसले. भांडं धरायचा हात. शेवटी म्हणाले, "हाताला कळतं." आणि मग जरा चिडून, "ओरडतेस कशाला? ऐकू येतं मला."

"मग यांनाही हाताला कळू द्या ना," ती म्हणाली, भाकरी ठेवली आणि गेली.

मामांनी मला जवळ बसवलं. बोळ्यांचं सामान मी कमरेच्या पुरचुंडीत बाळगतो, हे त्यांना माहीत होतं. तिच्यात आदल्या दिवशीचं कापूस-मेण उरलेलं होतं. त्यांनी स्वतः बोळे वळले, वाईट वळले, आणि माझ्या कानांत कोंबले. डोळेही मिटायला लावले. माझा डावा तळवा भांड्यावर दाबून ठेवला आणि वरून हातोडा मारत गेले. आधी काही कळेना. ठोका तांब्यात मुरून जाई. मग हळूहळू मनगटापर्यंत झिणझिण्या यायला लागल्या. मी हात उचलला. मामांनी हातोडा थांबवला आणि भांडं भट्टीत सरकवलं. तेवढंच. शाबासकी वगैरे काही नाही.

घंगाळ पुन्हा केलं. ते लग्नाला वेळेवर गेलं, आणि बोळे घालूनच केलं. त्यानंतर तिखट जिभेचा शेजारी एकदा गुपचूप माझ्या घरी आला आणि ते मेण कुठलं म्हणून विचारून गेला. मग त्याच्या शेजारचा आला. घरोघरच्या बायका बोळे वळायला लागल्या. मामांनीही म्हातारपणी घातले. "थंडी फार असते," असं सांगत. उन्हाळ्यातही सांगत.

आमचा संसार फार चांगला झाला. भांडणं झाली नाहीत असं नाही, पण ती इतकी हळू आवाजात झाली की आळीला वाटे आम्ही भांडतच नाही. पाव्हणे ओट्यावर बसलेले असताना ती आतून त्यांच्यावर असं काही पुटपुटे की मला हसू आवरत नसे आणि पाव्हण्यांना वाटे, हा आपल्या बोलण्यावर खूश आहे.

ती आजारी पडली तेव्हा आवाज पार खोल गेला. शेवटच्या दिवशी दुपारी सुना वाकून वाकून विचारत होत्या, "काय म्हणता, आई? काय हवंय?" त्यांना काही कळेना. मी दाराशी बसलो होतो. मला तिथून ऐकू आलं. मी उठून जवळ गेलो आणि उत्तर दिलं, तेही हळूच.

हौदावरच्या बायका अजून विचारतात. म्हातारा एकटा आहे, दोन शब्द बोलावेत, असं त्यांच्या मनात असतं. "काका, काकू शेवटी काय बोलल्या हो?"

मी म्हणतो, "तुम्हाला सांगायचं असतं तर ओरडून बोलली असती."

मग घरी येतो, मेण मऊ करायला ठेवतो. मुलांचे बोळे आता मी वळतो.