सोवळ्यातली पेटी

देवळाली प्रवरा येथील दूध प्रकल्पात भिमाजी ढूस एकतीस वर्षे फिटर होते आणि त्यांच्या सेवापुस्तकात प्रतिकूल असा एकही शेरा नव्हता. निवृत्तीला सात महिने उरले असताना ते तसेच कोरे राहावे, याखेरीज त्यांची कसलीही इच्छा नव्हती.

प्रकल्पातील दुधाची स्टेनलेसची संपूर्ण लाइन त्यांनी स्वतः जोडलेली होती. स्टेनलेस गंजत नाही असे लोक समजतात. भिमाजींचे म्हणणे असे की, ते गंजत नाही, पण त्याला गंजवता येते. साध्या लोखंडावर चालवलेला तारेचा ब्रश, कानस किंवा ग्राइंडरची चकती स्टेनलेसवर फिरली, की लोखंडाचे सूक्ष्म कण त्याच्या अंगात रुततात. आधी ते कण गंजतात आणि मग, विशेषतः क्लोरीनच्या धुण्याचे पाणी मागे राहिले तर, खालच्या पाइपालाही खड्डे पडू लागतात. म्हणून त्यांच्याकडे दोन पेट्या होत्या. लाल पेटी लोखंडाच्या कामाची, हिरवी स्टेनलेसची. एकीतले हत्यार दुसरीत गेले, तर ते हत्यार त्या दिवसापासून लालमध्येच राही. वेल्डिंगनंतर सांध्यावर उठलेला निळसर काळपट पट्टा आम्लाच्या पेस्टने काढून, पाण्याने भरपूर धुऊन, कोरडा केल्याशिवाय ते जेवायला बसत नसत.

नव्या फिटरला हे सारे समजावून सांगण्यास वेळ लागे. तेव्हा भिमाजींनी एक शब्द शोधला होता: हिरवी पेटी सोवळ्यातली. आजीचे सोवळे पाहिलेल्या कोणत्याही माणसाला तेवढ्यात नियम कळे. हाताखालचा गोरक्ष तर पेटी उघडताना, "काका, आंघोळ करून येऊ का?" असे विचारी, आणि भिमाजी त्याला, तू आंघोळ केलीस तर प्रवरेचं पाणी वाया जाईल, असे उत्तर देत.

चैत्रात केदार धर्माधिकारी व्यवस्थापक म्हणून आले. वय बत्तीस, बोलणे मृदू, काम चोख. एका सकाळी फरशा धुणाऱ्या बनुबाई लोखंडी स्टँडवर वाळलेले दूध खरवडण्यासाठी ब्रश शोधत होत्या. त्यांचा हात हिरव्या पेटीकडे गेला. शिडीवर असलेले भिमाजी तेथूनच म्हणाले, "बनुबाई, ती सोवळ्यातली पेटी हाय. हात लावू नको."

बनुबाईंनी हात मागे घेतला. दारात धर्माधिकारी उभे होते.

त्यांनी सर्वांना जवळ बोलावले. आवाज न चढवता ते म्हणाले, "माझ्या आजोबांच्या घरात मी हा शब्द पुष्कळ ऐकला आहे. इथे तो ऐकू येता कामा नये."

"साहेब, सोवळं पाइपाचं हाय, माणसाचं न्हाई," भिमाजी म्हणाले.

"सोवळं नेहमी वस्तूचंच असतं, ढूस. बाहेर उभं राहावं लागतं ते माणसाला."

संध्याकाळपर्यंत धर्माधिकाऱ्यांच्या आदेशाने दोन्ही पेट्यांतील हत्यारे एकाच मोठ्या पेटीत गेली. दुसऱ्या दिवशी वर कार्यालयात जाऊन लोखंडाच्या कणांविषयी दोन वाक्ये सांगणे भिमाजींना सहज शक्य होते. ते गेले नाहीत. ज्याने आयुष्यात कोणाच्या हातचे पाणी नाकारले नाही, त्याला चारचौघांत असे बोल लावले गेले, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. पुढे तीन आठवड्यांनी एका सांध्याजवळ मोहरीएवढा तांबूस ठिपका दिसला. पूर्वी त्यांनी त्याच दिवशी पेस्ट लावून तो मुळापासून काढला असता. गोरक्षने विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, की ज्यांनी पेटी एक केली त्यांनीच डाग पुसावेत. गोरक्षने तो फडक्याने पुसला. चौथ्या दिवशी ठिपका परत आला, आणि सोबत आणखी काही ठिपके घेऊन आला.

भाद्रपदात दूध खरेदी करणाऱ्या कंपनीच्या तपासनिसांनी लाइन बंद करायला लावली. अकरा सांध्यांना सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडली होती.

भिमाजींना नोटीस मिळाली: देखभालीतील हयगयीबद्दल खुलासा करावा. त्यांनी सुवाच्य अक्षरात दोन पाने लिहिली. पेट्यांचा नियम, तो मोडण्याचा आदेश, आदेशाचा दिनांक, सर्व क्रमाने. जातिभेदाचा आरोप निराधार असून त्याबाबत बनुबाईंनाच विचारावे, असे शेवटी नमूद केले. बनुबाई त्यांच्यासोबत अकरा वर्षे होत्या. त्यांच्या एका शब्दावर सगळे सरळ होईल, याविषयी भिमाजींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

चौकशीसाठी मुख्य कार्यालयातून सत्यशीला म्हस्के आल्या. त्यांनी बनुबाईंना खुर्ची दिली आणि भिमाजींच्या देखत विचारले, की त्या दिवशी यांनी तुम्हाला का अडवले, असे तुम्हाला वाटते.

बनुबाईंनी पदर सावरला. "काय सांगू बाई. सोवळ्यातली पेटी म्हनले. मला सोवळ्याचा एकच अर्थ ठावा हाय."

"हे पहिल्यांदाच घडलं?"

"न्हाई. मी कामावर आले त्या वर्षी एकदा म्हनले हुते. तवापासून मी त्या पेटीच्या अंगाला जातच न्हवते. त्या दिशी इसरले." मग त्यांनी पुस्ती जोडली, "मानूस वाईट न्हाई ते."

म्हस्केबाईंनी भिमाजींना एकच प्रश्न केला: पेटीमागचे कारण आपण कोणाकोणाला समजावले होते? त्यांनी आठवून नावे सांगितली. सोळा फिटर, चार वेल्डर, दोन सुपरवायझर. यादी तेथे संपली. तांबूस ठिपका प्रथम दिसल्याचे लेखी का कळवले नाही, हा प्रश्न नंतर आला, पण तोवर ते तीच नावे पुन्हा मोजू लागले होते.

सेवापुस्तकात शेरा पडला: सहकाऱ्याशी अनुचित वर्तन, ज्ञात दोषाची माहिती दडवणे. धर्माधिकाऱ्यांना तोंडी समज मिळाली. जुनी लाइन कापून भंगारात गेली. ती विकत घेणाऱ्याने रिवाजाप्रमाणे चुंबक लावून पाहिला. तो चिकटला नाही. माल अस्सल होता.

नवी लाइन पुण्याच्या ठेकेदाराने बसवली. जाताना त्याने भिंतीवर छापील फलक लावला: लोहकणांचा संसर्ग टाळण्यासाठी स्टेनलेसकरिता स्वतंत्र हत्यारे वापरावीत. फलकाखाली दोन पेट्या ठेवल्या, एक हिरवी, एक लाल. धर्माधिकाऱ्यांनी फलकावर स्वाक्षरी केली आणि त्या दिवसापासून कोणीही नियम मोडला नाही.

निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन भिमाजी खाली आले. बनुबाई फलकाखालची फरशी धूत होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. भिमाजींनी फलक वाचून दाखवला, मग लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये कसे रुततात, ते कसे गंजतात, त्या दिवशी ब्रश का अडवला, हे सारे सावकाश सांगितले. बनुबाईंनी झाडू भिंतीला टेकवून अखेरपर्यंत ऐकून घेतले.

"येवढंच हुतं व्हय, भाऊ?" त्या म्हणाल्या. "मग हे सांगायला अकरा वरसं कशाला लागली?"

भिमाजींनी शाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. फरशीवरचे पाणी त्यांच्या पायांपर्यंत आले होते. बनुबाईंनी झाडू उचलला आणि त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितले.