तळहाताखालचं नाव

हॉस्पिटलच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये तिनं अठ्ठावीस वर्षं काढली. सगळे तिला कुलूपबाई म्हणत. जेवायच्या सुट्टीत नर्स मुद्दाम खडा टाकून बघायच्या, "ते तीन नंबरच्या खोलीतले साहेब, काय झालंय हो त्यांना?" कुलूपबाई ताकास तूर लागू द्यायची नाही. "मला आकडे वाचता येतात, अक्षरं नाही," म्हणायची आणि डबा उघडायची.

ही नुसती थट्टा नव्हती. फाईल आली की डावा तळहात नावावर ठेवायचा, नंबर तेवढा बघायचा आणि कपाटात सरकवायची. वरून चिठ्ठी आली की नंबरावरूनच काढून द्यायची.

ही खोड जन्मजात नव्हे. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. शेजारच्या मुलीची फाईल वाचली आणि संध्याकाळी तिच्या आईला दारातच मायेनं विचारून बसली, "फिट्सच्या गोळ्या वेळेवर घेते ना?" आत मुलीला बघायला पाहुणे आले होते. ठरत आलेलं लग्न मोडलं, आणि ती मुलगी पुन्हा हिच्याशी बोलली नाही. एखादी चार दिवस रडली असती आणि विसरली असती. हिनं मात्र जन्माची शिक्षा लावून घेतली.

नवरा शिंपी, गप्पिष्ट माणूस. तो चिडवायचा, "अगं, माझी फाईल आली तर ती तरी वाचशील ना?"

"तुम्हाला काय धाड भरलीय?" ती म्हणायची.

गेल्या वर्षी तो वाळायला लागला. स्वतःच्या पँटी स्वतःच मशीनवर कमरेत आत घ्यायचा. तिनं खोदून खोदून विचारलं, तर म्हणे दात दुखतात, जेवण जात नाही. दर मंगळवारी गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला जातो म्हणून निघायचा. मग एका दुपारी दुकानात, मशीनवर मान टाकून, तो गेला.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली, तेव्हा कॅन्सरचे डॉक्टर स्वतः तळघरात उतरले.

"बाई, तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांनी लिहून दिलं होतं. आता अर्ज केलात तर फाईल बघता येईल तुम्हाला."

"म्हणजे इथंच येत होते?"

"नऊ महिने, दर मंगळवारी. मी म्हटलं, बायको खालीच आहे, तिला कळेल. तर हसले. म्हणाले, तिच्या खोलीत ठेवलंय ना, मग काळजी नाही."

 दर मंगळवारी ती फाईल तिनंच वर पाठवली होती आणि संध्याकाळी तिनंच जागेवर लावली होती. नाव तिच्या तळहाताखाली होतं.

लेकीनं ऐकलं आणि ती फाडकन बोलली, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आई! एकदा हात उचलला असतास तर बाबांना सगळं एकट्यानं सोसावं लागलं नसतं."  

अर्ज लेकीनंच भरला. सही तेवढी बाकी होती. दुखायचं का त्यांना? घाबरले होते का? मला का नाही सांगितलं? सगळं त्या पुठ्ठ्याच्या आत असेल, या विचारानं तिचा जीव तुटत होता. रोज ती अर्ज पिशवीतून नेई आणि तसाच परत आणी.

शेवटी फाईल मयतांच्या कपाटात हलवायची चिठ्ठी आली. तिनं फाईल काढली. सवयीनं तळहात नावावर गेला. 

"सांगायचं असतं तर सांगितलं असतंत की हो," ती म्हणाली. "घरात तोंड काय शिवलं होतं तुमचं?" आणि मग ती ढसाढसा रडली.

अर्ज तिनं फाडला. फाईल उघडली नाही. फक्त तळहात उचलला, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत एक नाव वाचलं. दोनदा वाचलं, मोठ्यानं. मग नंबर बघून फाईल नव्या जागेवर सरकवली.