मेहुण्यांची पहिली हाक

आमचे मेहुणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, घड्याळं दुरुस्त करतात. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना त्यांचा हात हलत नाही, पण दुकानातला फोन वाजला की गिऱ्हाइकालाच म्हणतात, "जरा घेता का?" अशा माणसाने पन्नाशीत हौशी रेडिओचा, म्हणजे बिनतारी संचावरून लांबच्या लोकांशी बोलायचा, नाद लावून घेतला. दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाले, परवाना आला, गच्चीवर अँटेनाची तार ताणली. मग चार महिने नुसते इतरांचं बोलणं ऐकत बसले.

शेवटी त्यांना शिकवणाऱ्या निवृत्त तारमास्तरांनीच फर्मावलं, "रविवारी सकाळी दहाला मला हाक मारायची. मी वाट बघतोय."

मेहुण्यांनी धीराला मला बोलावलं. "दादा, आज नाही जमलं तर संच विकून टाकतो. उगाच शोभा नको."

माइकचं बटण दाबलं की आपलं बोलणं जातं, सोडलं की समोरचं ऐकू येतं, हे त्यांनीच मला समजावलं. दहाच्या ठोक्याला त्यांनी कागदावरची वाक्यं वाचली: मास्तरांचं सांकेतिक नाव, मग स्वतःचं. आवाज चिरकला. मग शांतता.

दोन मिनिटं गेली. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही.

"ऐकलं असेल हो," मेहुणे घाम पुसत पुटपुटले, "पण असल्या शेळपटाला ओळख कोण देणार?"

"काहीतरीच! म्हातारं माणूस, गेले असतील आंघोळीला," बहीण म्हणाली.

"मास्तर? दहा म्हणजे दहा. खडूस आहेत ते!"

मी संचाकडे बघत होतो. बहीण त्यांच्या हाताकडे. "अहो, अंगठा पांढराफटक पडलाय. सोडा की जरा!"

त्यांनी अंगठा उचलला आणि खोलीत एकदम आवाज घुसले. कोणी खो-खो हसत होतं, कोणी ओरडत होतं, "बटण सोडा, राव!" त्यावर मास्तरांचा खणखणीत स्वर आला, "आंघोळ सहालाच झाली, सूनबाईंना सांगा. खडूस ऐकतोय. बोला."

मेहुण्यांचा चेहरा उतरला. हात संच बंद करायच्या खटक्यावर गेला आणि तिथेच थांबला. तो हात मागे येईल असं मला वाटेना.

आला. त्यांनी माइक उचलला, कागद न बघता आपलं सांकेतिक नाव सांगितलं. "मास्तर, माफ करा. फार घाबरलोय."

मग माइक टेबलावर ठेवला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि उत्तराची वाट बघत बसले.