भीतीच्या चित्रावर फिरवलेला हात

आमच्या चिक्कडपल्लीच्या मराठी शाळेतला चित्रकलेचा वर्ग एका मुलीच्या उद्धटपणामुळे बंद झाला, असं जुने विद्यार्थी अजून सांगतात. मी तिथे ड्रॉइंग मास्तर होतो. ते सांगतात ते खरं नाही.

एकोणीसशे नव्वदनंतरची वर्षं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते आणि संस्थेच्या अध्यक्षांना कॉम्प्युटरसाठी माझीच खोली हवी होती. वार्षिक प्रदर्शन चांगलं झालं तर पाहू, म्हणाले होते. मला दुसरं काही येत नव्हतं, आणि वय नवी नोकरी शोधण्याचं राहिलं नव्हतं.

सातवीला मी त्या वर्षी भावना रंगवायला सांगितल्या. माणूस नाही, झाड नाही, नुसते रंग आणि आकार. बहुतेकांनी रागाला लाल लावला, दुःखाला निळा. एका मुलीने भीतीसाठी अख्खा कागद पिवळा केला. कोपऱ्यात एक तपकिरी ठिपका, बस. मी विचारलं, भीती पिवळी कशी गं?

"फॅक्टरी बंद झाल्यापासून बाबा दुपारी घरीच असतात, सर. तेव्हा खोलीत असा उजेड असतो."

इतकी वर्षं जे शिकवायला धडपडत होतो, ते पहिल्यांदाच कुणाला तरी कळलं होतं. तिला तसं म्हणालोही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष डोकावले. त्या कागदापाशी थांबून म्हणाले, "मास्तर, हळद सांडली का इथं?" बरोबरचे हसले. मीही हसलो.

प्रदर्शनाआधी मुलांच्या चित्रांवर मास्तरने हात फिरवायचा, ही आमच्याकडची रीतच होती. रेघ सरळ करायची, कडा साफ करायच्या. त्या संध्याकाळी मी तिच्या पिवळ्यावर पोस्टर कलरचा काळा चढवला आणि त्यात दोन पांढरे डोळे काढले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष खूश. "हौ, ही खरी भीती," म्हणत त्यांनी तिला पुढे बोलावलं.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"मग कोणाचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, लाजते आहे ती.

"नाही, सर. हे माझं नाही."

मोठ्यांना उलट बोलायला शिकवता का इथं, असं अध्यक्षांनी सगळ्यांदेखत मला विचारलं. मी तिला माफी मागायला लावली. तिने मागितली.

जूनमध्ये खोलीत कॉम्प्युटर आले. मला लायब्ररीत बसवलं, पगार तोच. ती दहावीपर्यंत शाळेत होती. लायब्ररीतली पुस्तकं मैत्रिणीकडून मागवायची.