दाऊदभाईंचा राहिलेला सलाम

दाऊदभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, शाहीननं, फोनवर सांगितलं तेव्हा मी रियाधच्या बत्हा बाजारात कढीपत्त्याची जुडी हुंगून बघत होतो. "काका, अब्बा गेले. सकाळी नमाजाला उठलेच नाहीत..." एवढं बोलून ती थांबली. मागे त्यांच्या गुहागरकडच्या घरातली माणसांची ये-जा ऐकू येत होती. मी काहीतरी बोललो असेन, काय ते आठवत नाही. जुडी तशीच ठेवून गाडीत येऊन बसलो. घरी माझ्या बायकोला, वसुधाला, सांगितलं, तर ती आत गेली आणि कपाटाच्या वरच्या फळीवरची एक गुंडाळी मांडीवर घेऊन बसली. या गोष्टीला सहा आठवडे झाले. मला त्या गुंडाळीबद्दलच लिहायचं आहे.

आमची ओळख यान्बूची, सौदीच्याच पश्चिम किनाऱ्यावरची. मी तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर, ते क्रेनचालक. मी मूळचा सोलापूरचा, शाकाहारी. वसुधा अलिबागची, माशांवर जीव टाकणारी. यान्बूच्या समुद्रावरून ताजी मासळी घेऊन दाऊदभाई शुक्रवारी दारात उभे राहायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "वैनी, ह्यो घ्या सुरमय. साहेबांसाठी गवत तुमीच आना." मी चिडायचो आणि त्यांना आणखी मजा यायची. गाडी असो की क्रेन, सुरू करण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत, प्रत्येक चाकावर तळहातानं दोनदा थोपटत. विचारलं तर म्हणत, "जनावराला पन विचारून जुंपतात, साहेब."

मदिना यान्बूहून दोन-अडीच तासांवर. सुट्टी मिळाली की ते मदिनेला जात आणि जाण्याआधी गावी फोन लावून विचारत, कोणाकोणाचा सलाम सांगायचा आहे. तशी रीतच आहे. जाणारा माणूस न जाऊ शकणाऱ्यांची नावं घेऊन तिथं पैगंबरांच्या कबरीपाशी सलाम पोचवतो. दाऊदभाई नावं विसरू नयेत म्हणून वहीत लिहून नेत. त्या वहीत त्यांच्या आईचं, हलिमाबींचं, नाव मात्र कधी नसे. ती बाई मोठी मानी होती. म्हणायची, "माझा सलाम तू कशाला सांगतंस? मी येनार हाय सवताच्या पायानं." वीस वर्षं ती येणार होती. कधी घराचं छप्पर, कधी मुलींची लग्नं, असं करत राहून गेलं. मग तिला अर्धांगवायू झाला. अंथरुणावरून तिनं फोन केला आणि म्हणाली, "दाऊद, आता तूच सांग."

हे सगळं एकाच उन्हाळ्यात आलं, बारा वर्षांपूर्वी. आईसाठी दाऊदभाईंनी नोकरी सोडली आणि कायमचं परत जाण्याचा शिक्का घेतला. विमान रियाधहून होतं. त्याच सुमारास माझं यान्बूचं काम संपलं, रियाधमध्ये नवी नोकरी मिळाली, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तिकडे बदलून झाला, आणि नेमकं तेव्हाच वसुधाच्या मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांच्या वर बसायला बंदी घातली. विमानात बसणं शक्य नव्हतं, गाडीत तर नाहीच. मी डोक्याला हात लावून बसलो होतो. तेवढ्यात दाऊदभाई एक भलंमोठं पांढरं धूड घेऊन दारात आले. त्यांच्या कफीलाचं, म्हणजे अरब मालकाचं, मोटरहोम. हिवाळ्यात वाळवंटात तळ ठोकायला तो ते वापरायचा. आता त्यानं ते रियाधच्या कोणाला तरी विकलं होतं आणि पोचवायचं काम दाऊदभाईंकडे होतं. आत पलंग, छोटी शेगडी, थंड हवेची सोय. "वैनी झोपून येतील," ते म्हणाले. "आनि मी तुमास्नी पोचवून तसाच इमानात बसेन. वाटेत मदिना हाय. तुमी भायेर थांबा, मी टॅक्सीनं आत जाऊन आईचा सलाम सांगून येतंय. तीन तासांचं काम."

सामान ट्रकनं गेलं. मोटरहोममध्ये आमची भांडी, लोणच्याची बरणी, वसुधाची खोवणी आणि कुंडीतली तुळस. निघताना वसुधाला कमरेखाली आधार हवा होता आणि उशा सगळ्या ट्रकमध्ये गेलेल्या. मी ओरडून विचारलं, लोड-बिड आहे का काही? दाऊदभाईंनी आपल्या बॅगेतून काहीतरी काढलं, घट्ट गुंडाळलं, त्यावर स्वच्छ चादरीची दुसरी गुंडाळी केली आणि दोन्ही टोकांना सुतळी बांधून मला दिलं. "ह्ये घाला पाठीखाली." मी घातलं. वसुधानं डोळे मिटले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा म्हणाली, "आता बरं वाटतंय."

तो प्रवास मी कधी विसरणार नाही. पुढं चहाचा स्टीलचा पेला ठेवून दाऊदभाई गाडी चालवत होते. "पेला हलला तर मला सांगा," म्हणाले. मी लक्ष ठेवून होतो. समुद्राची दमट हवा मागे पडली, काळे डोंगर सुरू झाले, पेला काही हलला नाही. मधूनमधून ते वहीतला तो शेवटचा कागद खिशाबाहेरून चाचपत. त्यावर एकच नाव होतं.

मदिनेच्या अलीकडे तेव्हा फाटा होता. मुसलमानांनी सरळ जायचं, बाकीच्यांनी बाहेरच्या रस्त्यानं. फाटा पंधरा-वीस किलोमीटरवर आला असताना जनरेटर बंद पडला. एका पेट्रोलपंपावर थांबून दाऊदभाईंनी अर्धा तास खटपट केली, हात भाजून घेतले, काही उपयोग झाला नाही. जनरेटर नाही म्हणजे उभ्या गाडीत थंड हवा नाही. इंजिन सुरू असेल तरच ती मिळणार, आणि भर दुपारी तीन तास नुसतं सुरू ठेवलं तर इंजिनही तापून बसेल. गाडी चालती ठेवणं एवढाच मार्ग. ते जड वाहन चालवायचं लायसन्स माझ्याकडे नव्हतं. दाऊदभाईंनी एकदा झोपलेल्या वसुधाकडे पाहिलं, एकदा शहराच्या दिशेनं पाहिलं.

त्या पंपामागे मुक्कामाच्या चार खोल्या होत्या. बाहेर पाटी होती, खिडकीला एसी होता. मी ती पाटी वाचली होती. 'दाऊदभाई, आम्ही इथं खोली घेतो, तुम्ही जाऊन या' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तिला उचलून न्यायचं कसं, टाका उसवला तर, परक्या ठिकाणी दुखायला लागलं तर... मी भ्यालो. मी वाट बघत राहिलो, ते काय म्हणतात याची. आणि ते म्हणाले, "यल्ला साहेब, निघू या."

फाट्यावर त्यांनी गाडी बाहेरच्या रस्त्याला घेतली. थोडं पुढं गेल्यावर इंजिन सुरू ठेवूनच ते खाली उतरले आणि मला म्हणाले, "एखादा टॉवेल हाय काय?" दुपारची नमाज पढायची होती. मी माझा पंचा दिला आणि काय बुद्धी झाली कोण जाणे, ताण घालवायला म्हणून थट्टा केली, "काय दाऊदभाई, एवढे नमाजी तुम्ही, आणि जानमाज विसरलात?" ते हसले. "विसारलंय खरा." तापलेल्या रेतीवर तो आखूड पंचा अंथरून त्यांनी नमाज पढली. मग उठून शहराकडे तोंड करून उभे राहिले, खिशातला कागद हातात धरून, बराच वेळ. ओठ हलत होते. परत येऊन चाकांवर थोपटलं आणि बसले. दोन तासांनी पुढच्या गावात एका मिस्त्रीनं जनरेटर दहा मिनिटांत सुरू करून दिला. एक तार सैल झाली होती. मदिना दोन तास मागे राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी विमान होतं; दाऊदभाईंनी चाकांवर थोपटलं आणि गाडी पुढंच घेतली.

दुसऱ्या संध्याकाळी रियाधहून त्यांचं विमान उडालं. चार दिवसांनी वसुधानं पाठीखालच्या गुंडाळीची चादर धुवायला काढली, तर आत हिरवी जानमाज, कडेला झिजलेली, गुडघ्यांच्या जागी दोन फिके डाग. आम्ही दोघं पलंगावर तिच्याकडे बघत बसलो. माझी ती थट्टा मला आठवली.

फोनवर मी माफी मागितली तर म्हणाले, "राहू द्या तिकडंच. मी येतंय न्यायला." पुढं दर ईदला हाच संवाद. "कधी येताय?" "येतंय, येतंय." कधी गुडघे, कधी शाहीनचं शिक्षण... वसुधानं ती गुंडाळी कधी पुन्हा पाठीखाली घेतली नाही.

दाऊदभाई गेल्यावर दहाएक दिवसांनी मी शाहीनला फोन केला, जानमाज पाठवू का विचारायला. ती म्हणाली, "काका, अब्बा घरी आले तेव्हा आजीनं पहिला प्रश्न केलान, सलाम सांगितलास ना? अब्बा हो म्हणाले. आजी त्याच रात्री हसत झोपली, दोन दिवसांनी गेली. अब्बांना ते खोटं लागून राहिलं. आम्हाला म्हणायचे, माझी जानमाज तिकडं हाय, म्हंजे मला जायाचंच हाय. तुम्ही पाठवू नका."

गेल्या महिन्यात आम्ही दोघं मदिनेला गेलो. पाट्या बदलल्या आहेत. शहरात आता आम्हालाही जाता येतं, मशिदीच्या अलीकडे थांबायचं. दाऊदभाईंच्या गावचे मुनीरभाई तिथं एका हॉटेलात कामाला आहेत, शाहीननं नंबर दिला होता. रस्त्याच्या कडेला मी त्यांच्या हातात जानमाज दिली. त्यांनी विचारलं, "कोनाचा सलाम सांगू?" मी म्हणालो, "हलिमाबींचा. दाऊदकडून म्हणून सांगा. आणि सांगा, उशीर त्यांच्यामुळे झाला नाही, माझ्यामुळे झाला." मुनीरभाईंनी मान हलवली आणि गर्दीत दिसेनासे झाले. आम्ही गाडीत तीन तास थांबलो. तेवढंच थांबायचं होतं तेव्हाही.

परत येऊन मुनीरभाई जानमाज देऊ लागले. मी म्हणालो, "ठेवा तुम्हीच, इथं रोज वापरात राहील." ते घेणारही होते, पण वसुधानं हात पुढं केला. "नको. इकडे द्या ती," म्हणाली. गाडीत बसून तिनं ती मांडीवर पसरली, गुडघ्यांच्या दोन डागांवरची धूळ पदरानं पुसली आणि दाऊदभाईंनी बांधली होती तशी घट्ट गुंडाळली. घरी आल्यावर पुन्हा त्याच फळीवर ठेवली. मी विचारलं, "आता कशाला? सलाम तर पोचला."

"ते न्यायला येणार होते ना," ती म्हणाली. "मग देऊन कशी टाकायची?"