लाल दोऱ्यानं बांधलेल्या डहाळ्या

दुधानं माझं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ताक फुंकून प्यायची सवय जन्माचीच. त्यात चुलत थोरल्या जावेशी बांधावरून भांडण होऊन बोलणं बंद पडलेलं. मोडनिंबजवळ आमचे मळे शेजारी, दोन्हीकडं डाळिंबाची बाग. माझी साठ झाडं मी विहिरीवरून घागरींनी पाणी वाहून जगवली होती. त्यांचा तो पहिलाच बहर.

कळ्या धरल्या आणि मावा पडला, बारीक हिरवी कीड. कोवळे शेंडे चिकट झाले, मुंग्यांच्या रांगा लागल्या. मावा तिच्याकडंही होता, पण पंधरा दिवसांत तिचे शेंडे स्वच्छ दिसायला लागले. मला डाळीत काहीतरी काळं दिसलं.

एका सकाळी बागेत गेले तर चार झाडांना माव्यानं भरलेल्या डहाळ्या बांधलेल्या, त्याही लाल दोऱ्यानं! हिनं करणी करून आपला मावा माझ्या झाडांवर उतरवला, याची मला खातरीच पटली. डहाळ्या चुलीत घातल्या आणि झाडांवर तंबाखूचं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी आणखी डहाळ्या. त्याही जाळल्या. तिसऱ्या पहाटे झाडामागं दबा धरून बसले.

ती पदरात डहाळ्या घेऊन आली. मी मनगटच धरलं.

"अक्का, कसली करणी करताय?"

ती दचकली, मग हसली. "करणी न्हाय गं. ह्यो मावा नीट बघ की."

तो हिरवा नव्हता. तपकिरी, दाण्यासारखा टम्म फुगलेला आणि मेलेला. काहींच्या पाठीला बारीक गोल भोक होतं.

"ह्यातनं चिलटावानी माशी निगती. कंदिलाच्या काचंत डहाळी ठिवून, फडकं बांधून बघितलंय म्या. ती जित्या माव्याला डंख मारती, मग त्यो असा फुगून मरतो. माझी बाग तिनंच सोडवली."

"अन् लाल दोरा?"

"तुझ्या दिरांनी सोलापूरच्या गिरणीतनं आणल्याला. तुझ्या पोरीच्या येणीला बी त्योच हाय की."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"बोलणं कुटं हाय आपलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आदीच्या डहाळ्या कुटं गेल्या?" तिनं विचारलं.

"वाऱ्यानं पडल्या असतील," मी म्हणाले.

"आता एवड्याच उरल्यात माझ्याकडं," म्हणत तिनं पदरातल्या डहाळ्या बांधल्या. "तंबाखूचं पाणी तेवडं मारू नगंस. माशा मरत्याल."

मी मान हलवली. त्या साली माझ्या निम्म्या कळ्या गळाल्या.

त्या पहाटे ती परत निघाली, तिची वाट आमच्या उकिरड्यावरून जायची. वर माझ्या चुलीतली कालचीच राख होती आणि तिच्यात अर्धवट जळालेला लाल दोरा. तिथं ती थांबली, वाकली. पायातला काटा काढला की काय, मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी बांधावरून तिनं आपणहून हाक मारली, आणि आमचं बोलणं सुरू झालं ते तिच्या शेवटापर्यंत. तिनं तो दोरा पाहिला होता का, हे विचारायचं धाडस मात्र मला कधीच झालं नाही.