डोहावरचा मांडव

नाशिकहून निघण्याआधीचा आठवडाभर मी आजारी पडण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. रात्रीचं दही खाल्लं, थंडीत गोदेच्या काठी उघड्या डोक्यानं फिरलो; पण पन्नाशी गाठलेली तब्येत नेमकी ठणठणीत राहिली. ठरल्या सकाळी संस्थेची जीप दाराशी आली तेव्हा मला साधी शिंकही येत नव्हती.

जायचं होतं पेठकडच्या डोंगरातल्या एका डोहावर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा डोह माझी जगातली सर्वांत आवडती जागा होती. माझा मित्र वामन गांगुर्डे नौदलात पाणबुड्या होता. नोकरी संपवून तो नाशिकला आला तो मुंबईच्या भंगारातून घेतलेला सगळा सरंजाम घेऊनच: पाठीवर बांधायच्या हवेच्या टाक्या, तोंडात धरायची नळी, डोळ्यांवरची काच, कंबरेला शिशाचा पट्टा आणि पायांत घालायची रबरी वल्ही. मी शाळेत गणित शिकवणारा माणूस. पोहता मला येत होतं. बुडून राहायला गांगुर्डेनं शिकवलं. दिवाळीनंतर नदी निवळली की आम्ही तिथे जायचो. काळ्या कातळाच्या भिंती, त्यांवरून घसरत खाली जाणारं ऊन, आपल्याला अजिबात न घाबरणारे मासे, आणि शांतता. पाण्याखाली कुणालाही भाषण करता येत नाही, हा त्या जागेचा सर्वांत मोठा गुण होता.

मग टाक्या गंजल्या, मुलं मोठी झाली, माझी कंबर धरली. बारा-तेरा वर्षं त्या बाजूला फिरकलो नव्हतो. आणि आता, शहाऐंशीच्या हिवाळ्यात, एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांना त्या डोहावर 'साहसी जलक्रीडा केंद्र' काढायचं सुचलं होतं. उद्घाटनाला मंत्री. पत्रिकेत मंत्र्यांचं नाव बोटभर जाड अक्षरांत, अध्यक्षांचं त्याहून किंचित बारीक, आणि आमची दोघांची नावं अगदी तळाला 'प्रमुख आकर्षण' या सदरात, लेझीम पथकाच्या खाली. मंत्र्यांनी फीत कापायची, आम्ही डोहात बुडी मारायची आणि आत कातळाच्या टप्प्यावर आधीच सोडून ठेवलेला मंगलकलश वर आणून मंत्र्यांच्या हाती द्यायचा, अशी योजना होती.

"वामन, आपली वयं बघ," मी त्याला म्हणालो होतो.

"मास्तर, तू नको येऊस. मी एकटा उतरतो."

पाण्यात एकट्यानं कधीही उतरायचं नाही, हा नियम मला त्यानंच शिकवलेला. तो मोडण्याची धमकी देऊन त्यानं मला जीपमध्ये बसवलं.

इंदिरानगरच्या नव्या वसाहतीत त्याचं घर. तिथून तो आणि शालूवहिनी, त्याची बायको, असे दोघं चढले. वहिनींच्या मांडीवर डबा नव्हता, दोराचं वेटोळं होतं. पूर्वीही काठावर दोर त्याच धरायच्या. दोराचं एक टोक गांगुर्डेच्या कंबरेला, मी त्याला हातभर लांबीनं जोडलेला, आणि दुसरं टोक वहिनींच्या हातात.

"वहिनी, या वेळी दोर नाही म्हणाले अध्यक्ष. फोटोत बरा दिसत नाही म्हणे."

"मग फोटोला सांगा दुसरीकडे बघ." वहिनींनी वेटोळं घट्ट धरलं. "एक हिसका म्हणजे?"

"ठीक आहे ना?" मी म्हणालो. "त्याला उत्तरही एकच हिसका. दोन म्हणजे दोर सैल सोडा. तीन म्हणजे ओढा."

"विसरला नाहीत, भावजी. यांनाही जेवायची वेळ लक्षात राहत नाही, पण एवढं राहतं."

गांगुर्डेनं डबी काढून तपकिरीची चिमूट नाकात सारली आणि झकास शिंकला. मला त्या शिंकेचा हेवा वाटला.

शहर मागे पडलं तसा रस्ता वळणं घेऊ लागला. डोंगरउतारांवरचं गवत पिवळं पडलेलं, खळ्यांवर भाताच्या पेंढ्यांच्या उडव्या. गांगुर्डे जुन्या आठवणी काढत होता आणि मी हो हो म्हणत होतो. मनात मी उरलेली वळणं मोजत होतो. पेठच्या अलीकडे एका टपरीवर जीप थांबली. तिथे गरम नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाचं वरण आणि लसणाचा ठेचा मिळाला. एरवी मी त्यावर तुटून पडलो असतो. भाकरी थापणाऱ्या बाईंनी जीपमधल्या संस्थेच्या नव्या, रिकाम्या टाक्यांकडे बघून विचारलं, "ग्यास भराया चाललाव का?"

"डोहात उतरायचंय, मावशी," गांगुर्डे म्हणाला.

बाईंचा हात तव्यावर थांबला. "त्या डोहात आसरा हायेत, बाबा, पाण्यातल्या सात देवी. सात बाजांचं सुंभ सोडलं तरी तळ नाय लागत." सुंभ म्हणजे बाज विणायची दोरी. मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "तू जाऊ देतीस?"

"आम्ही आसरा मानत नाही, मावशी," वहिनी म्हणाल्या. "दोर मानतो."

आसरांवर माझाही विश्वास नाही. पण त्या दिवशी, मान्य करायला हरकत नाही, मी भाकरीचा एक तुकडा ताटातच ठेवला आणि तो नेमका कुणासाठी ठेवला हे स्वतःला विचारलं नाही.

शेवटचं वळण घेतल्यावर पूर्वी अचानक पाणी दिसायचं. या वेळी आधी ध्वनिक्षेपक ऐकू आला, मग कमानी दिसल्या, मग लाल-पांढरा मांडव; आणि या सगळ्याच्या मागे, कुणीतरी खुर्ची न दिल्यासारखा, माझा डोह. पाणी होतं तसंच होतं. काळं, सपाट, कसलीच ओळख न दाखवणारं.

मंत्री यायचे होते. ते यायचे असण्यातच दुपार झाली. अध्यक्षांनी आम्हाला केंद्राची नवी यंत्रसामग्री दाखवली, म्हणजे मांडवामागच्या पडद्याकडे बोट केलं. "टाक्यांत हवा भरायचा कंप्रेसर आहे तिकडे. आवाज फार करतो हो. आणि लाउडस्पीकरचा जनरेटर. दोन्ही पडद्याआड टाकून दिले. पाहुण्यांना दिसायला नकोत." जवळ जवळ ठेवलेल्या त्या दोन यंत्रांचा घुमणारा आवाज मांडवातही येत होता. आमच्या टाक्याही दुपारभरात तिथेच भरून तयार झाल्या.

टाकी उघडून आतली हवा हुंगून बघायची, हा गांगुर्डेचा जुना शिरस्ता. त्यानं टाकी जराशी उघडली, नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "फर्स्टक्लास." माझीही टाकी मी हुंगायला हवी होती. पण तेवढ्यात मंत्र्यांच्या गाड्या आल्या, आम्हाला ओढून व्यासपीठावर नेलं गेलं, उघड्या अंगावर शाली आल्या, डोक्यावर फेटे चढले, गळ्यात झेंडू, मनगटाला अत्तर, समोर उदबत्त्यांचा जुडगा. त्या घमघमाटात मला डोहाचाच काय, स्वतःच्या भीतीचाही वास आला नसता.

"आपल्या जिल्ह्याला नव्या उंचीवर नेणारा हा क्षण," अध्यक्ष माइकवर म्हणाले, आणि आम्ही खाली निघालो.

वहिनींसाठी व्यासपीठावर खुर्ची होती. त्या पदर खोचून काठावरच्या कातळावर बसल्या. एका कार्यकर्त्यानं विनवून बघितलं, "ताई, फोटोत दोर येतोय." त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाणी छातीला लागलं तेव्हा माझा श्वास अडकला. डोकं आत गेलं आणि सगळा गोंगाट कुणी बटण दाबावं तसा बंद झाला. क्षणभर वाटलं, मी उगाच घाबरलो. तेच हिरवं ऊन, तीच घसरती भिंत. एक मासा अगदी काचेपाशी येऊन माझी चौकशी करून गेला. आम्ही भिंतीला धरून उतरत राहिलो. वरून एक हिसका आला, गांगुर्डेनं एक हिसका दिला. कान दुखले, नाक दाबून मोकळे केले. सहा-सात पुरुष खोलीवर तो टप्पा दिसला आणि त्यावर हळद-कुंकवासकट चकाकणारा कलश.

तेव्हा मला वास आला. वास म्हणण्यापेक्षा चव. एसटीच्या मागच्या बाकावर बसून घाट चढताना तोंडात येते ती. जळलेल्या डिझेलची. मी पुन्हा श्वास घेतला. पुन्हा तीच. पाण्याखाली डिझेल कुठून आलं, याचं उत्तर मला सापडत होतं आणि निसटत होतं: पडदा, दोन यंत्रं, एकाचा धूर, दुसऱ्याची हवा. कपाळावर कुणीतरी बोट ठेवून दाबत होतं.

मी गांगुर्डेकडे वळून अंगठा वर केला. पाणबुड्यांच्या खुणेत त्याचा अर्थ, वर चल. त्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली आणि तो टप्प्यावर खाली बसला. मांडी घालून. कलश त्यानं मांडीवर घेतला. जन्मात कधी कसली पूजा न केलेला माझा मित्र सत्यनारायणाला बसावा तसा बसला होता, आणि काचेमागे त्याचे डोळे हसत होते. वर्षानुवर्षांच्या तपकिरीनं मेलेल्या त्या नाकाला टाकीतलं काहीही कळलेलं नव्हतं.

मी त्याचा दंड धरून ओढला. तो हलला नाही. माझ्या हातात जोर नव्हता. हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा होता. आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नाही, आणि भयंकर गोष्ट ही की ती भीतीही हळूहळू मऊ होत चालली होती. बसावं, असं वाटू लागलं. त्याच्या शेजारी, थोडा वेळ.

वरून एक हिसका आला. ठीक आहे ना?

गांगुर्डेनं उत्तर दिलं नाही. दोर माझ्या हातात आला. तीन द्यायचे होते का एक? दोन कशाचे? वर्गात पोरांना वर्गसमीकरणं शिकवणाऱ्या माणसाला तीनपर्यंत मोजता येईना. विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच डोक्यात उरलं होतं. मी एक हिसका दिला.

ठीक आहे.

तो दिल्यावर मला कळलं की मी काय केलं. पुन्हा ओढायला दोर शोधू लागलो तर बोटं मिटेनात.

आणि मग दोर ताठ झाला. गांगुर्डे बसल्या जागेवरून कलशासकट उचलला गेला, त्याच्यामागे मी. इतक्या जोरानं आम्हाला कुणीही कधी ओढलं नव्हतं. वर येताना श्वास कोंडायचा नसतो, सोडत राहायचं असतं, नाहीतर छाती फुटते. हे मात्र आठवलं. मी त्याच्या पोटावर गुडघा दाबून धरला. त्याच्या नळीतून बुडबुडे सुटत राहिले, आणि ते दिसत होते तोवर मला बरं वाटत होतं.

वर उजेड, ढोल, आणि दोराला लागलेली लेझीम पथकाची सगळी पोरं. लेझिमी कातळावर इतस्ततः पडलेल्या. सगळ्यांत पुढे शालूवहिनी, तळहात सोललेले.

"टाळ्या!" माइक म्हणाला. कलश गांगुर्डेच्या कुशीत घट्ट होता, त्याचे गाल गुलाबी झाले होते. "चेहऱ्यावरचं तेज बघा," असं अध्यक्ष म्हणाल्याचं मी या कानांनी ऐकलं.

तेज बघून व्यासपीठावरचा एक माणूस खुर्ची पाडत धावत आला. तो तालुक्याच्या दवाखान्याचा डॉक्टर होता. त्यानं टाकी हुंगली, एक शिवी दिली, हे तेज धुराच्या विषाचं आहे म्हणाला, आणि आम्हाला जीपमध्ये घातलं. मागे कार्यक्रम चालू राहिला. मंत्र्यांचं भाषण पहिल्या वळणापर्यंत आमच्या सोबतीला होतं.

दवाखान्यात ऑक्सिजनची नळी आधी गांगुर्डेच्या नाकाला लागली, मग माझ्या. वहिनी खाटेशी उभ्या होत्या. अखेर त्यानं डोळे उघडले, मला बघितलं आणि विचारलं, "कलश?"

"खड्ड्यात गेला कलश," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्या पहिल्यांदा रडल्या.

उन्हं कलल्यावर डॉक्टरनं सोडलं. जीप नाशिककडे उतरू लागली. मला राहवेना. "वहिनी, मी तर 'ठीक आहे' म्हणून कळवलं होतं. चूक झाली माझी. तरी तुम्ही ओढलंत कसं?"

वहिनींनी हाताचं फडकं सारखं केलं. "हिसका आला. पण तो यांचा नव्हता."

"दोरातून कसं कळलं?"

"भावजी, तुम्ही दार वाजवल्यासारखा दिलात. घाबरत घाबरत. हे तसं नाही ओढत. लग्न झाल्यापासून यांना काही हवं असलं की माझा पदर ओढतात, तोंडानं मागायची लाज. तो हिसका मला झोपेतही कळेल." मग म्हणाल्या, "दुसरा माणूस उत्तर देतोय म्हणजे यांना देता येत नाही. अध्यक्ष म्हणत होते, भाषण होऊ द्या ताई. मी त्या पोरांना म्हटलं, लेझिमी टाका, दोर धरा."

मागच्या बाकावर गांगुर्डेला डुलक्या लागत होत्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, घरी पोचेपर्यंत लक्ष ठेवा. जरा मान कलली की वहिनी त्याच्या बाहीला एक हिसका द्यायच्या. तो डोळे न उघडता त्यांचा पदर एकदा ओढायचा. पुन्हा थोडा रस्ता जायचा. त्या दोघांमधलं हे संभाषण मी आरशातून बघत होतो.

तो डोह मी आता आवडता म्हणत नाही. त्याचा यात काहीच दोष नव्हता, हे कळूनही म्हणत नाही. आम्ही पूर्वी तिथे निर्धास्त उतरायचो ते मी अनेक वर्षं स्वतःच्या धैर्याच्या नावावर मांडत आलो होतो. वर दोर कुणाच्या हातात आहे याचा कधी विचारच केला नव्हता.

इंदिरानगरला दोघं उतरली. गांगुर्डे फाटकाचा आधार घेत आत गेला. मी पुढच्या बाकावर तसाच बसून होतो, समोर बघत. निघायला जीप गुरगुरली तेव्हा खिडकीतून कुणीतरी माझी बाही ओढली. एकदाच.

मी शालूवहिनींचा हात एकदा ओढून उत्तर दिलं. त्यांनी क्षणभर हात तसाच ठेवला, नीट पारखून घेतल्यासारखा, आणि मग सोडला.